जुन्या गाडीचे कूलंट पाईप कधी बदलायचे? खानदेशातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

होळी झाली की स्पेअर पार्टच्या काउंटरवर फाटलेला पाईप हातात धरून गिऱ्हाईक यायला लागतं. कुणाची मारुती ८००, कुणाची झेन, ओम्नी, सँट्रो, इंडिका, सुमो, क्वालिस, कुणाची जुनी बोलेरो. गाडी कुठलीही असो, प्रश्न तेच असतात. पाईप शोधून देता देता जी उत्तरं तोंडी दिली जातात ती इथे सविस्तर लिहिली आहेत. पाईप म्हणजे इथे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरवणारे रबरी होज पाईप. एसीचे किंवा डिझेलचे पाईप हा वेगळा विषय आहे.

आधी सरळ सांगा, किती वर्षांनी बदलायचे?

पाच वर्षांनी. गाडी उन्हात उभी राहत असेल, शेतात-घाटात चालत असेल किंवा तिला गॅस किट बसवलेलं असेल तर चार वर्षांनी. पाईप शेवटचा कधी बदलला हे आठवतच नसेल, तर तो बदलायची वेळ झाली असं धरा.

गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात बहुधा "तपासा, गरज असल्यास बदला" एवढंच लिहिलेलं असतं. नव्या गाडीला ते पुरतं. पंधरा वर्षांच्या गाडीत मात्र कुठला पाईप कंपनीचा, कुठला कधी कुणी बसवलेला, याचा काहीच पत्ता नसतो. तिथे कॅलेंडर पाहून काम केलेलं बरं.

माझी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरसुद्धा चालत नाही. मग पाईप झिजेलच कसा?

पाईप झिजत नाही, म्हातारा होतो. टायरचं आणि त्याचं गणित वेगळं आहे. रबराला उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन खात राहतात, गाडी चालो वा न चालो. त्यात जुनं झालेलं कूलंट. त्यातली गंजरोधक रसायनं वेळेनुसार संपतात आणि उरलेलं पाणी आतून पाईपला आणि रेडिएटरला त्रास देतं. नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या मुलाची जळगावच्या घरासमोर झाकून ठेवलेली गाडी दिवाळीला काढली आणि पाळधीच्या पुढे पाईप सुटला, ही तक्रार आमच्याकडे नवी नाही. कमी चाललेल्या गाडीचं मीटर पाहून निश्चिंत होऊ नका, वर्ष बघा.

वरून पाईप एकदम चांगला दिसतो. तरी बदलायचा?

हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

पूर्वी पाईप बाहेरून खराब व्हायचा. चिरा पडायच्या, फुगायचा, डोळ्यांना दिसायचं. मग पाईपचं रबर सुधारलं. आज चांगला पाईप ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचा असतो, मध्ये धाग्यांची जाळी विणलेली असते. हे रबर उष्णतेला आणि ओझोनला चांगलं तोंड देतं, त्यामुळे बाहेरचा थर वर्षानुवर्षं काळा कुळकुळीत राहतो. बिघाड मात्र आत सुरू होतो.

पट्टे आणि होज बनवणाऱ्या गेट्स या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांनी १९८०च्या दशकात यामागचं कारण शोधलं. एका टोकाला इंजिनाचं लोखंड किंवा अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या टोकाला रेडिएटरचा धातू, मधे वीज वाहून नेणारं कूलंट आणि त्याभोवती कार्बन मिसळलेलं रबर, जे थोडीफार वीज वाहून नेतं. म्हणजे नकळत एक छोटी बॅटरीच तयार होते. या विद्युत-रासायनिक क्रियेने रबराच्या आतल्या थरात लांबीच्या दिशेने केसासारख्या बारीक चिरा पडतात. चीर खोल जात जात जाळीपर्यंत पोहोचते. मग कूलंट धाग्यात शिरतं, धागा कमजोर होतो आणि एक दिवस प्रेशर आलं की पाईप तिथेच उभा फाटतो.

हे बहुतेक वेळा पाईपच्या टोकांना, क्लिपपासून दोनेक इंचांच्या आत होतं. इंजिनातून रेडिएटरकडे गरम कूलंट नेणारा वरचा पाईप, हीटरचे पाईप आणि बायपासचा, म्हणजे रेडिएटर चुकवून कूलंट फिरवणारा, आखूड पाईप यांना धोका जास्त. म्हणून पाईपच्या मधोमध बोट दाबून "ठीक आहे" म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका. मधोमध तो ठीकच असतो.

मग हाताने तपासायचं कसं?

इंजिन पूर्ण थंड असताना. सकाळी, गाडी काढायच्या आधी ही सगळ्यात उत्तम वेळ. गरम इंजिनवर हात घालू नका आणि गरम रेडिएटरचं झाकण तर कधीच उघडू नका.

आधी पाईपचा मधला भाग अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. मग क्लिपच्या अगदी जवळचा भाग दाबा. दोन्ही जागी सारखंच घट्ट लागायला हवं. क्लिपजवळ मऊ, पोकळ किंवा "आत काहीतरी चुरचुरतंय" असं वाटलं, तर आतली चीर बोटाला सापडली असं समजा. त्या क्षणी पाईप संपला. मग तो बाहेरून कितीही काळा कुळकुळीत असो.

उलटही होतं. पाईप वाळलेल्या भाकरीसारखा कडक झाला असेल, दाबला तरी दबत नसेल, तर तो उष्णतेने भाजला आहे. तो वाकवल्यावर चिरतो. कुठे फुगवटा आला असेल तर आतली जाळी तुटली आहे. पाईप चिकट, लिबलिबीत आणि फुगलेला असेल तर त्यावर ऑइल पडतंय. ईपीडीएम पाण्याला आणि कूलंटला टिकतं, पण इंजिन ऑइल आणि डिझेल त्याला चालत नाही. अशा वेळी नुसता पाईप बदलून भागत नाही. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, गळणारं पॅकिंग आधी बदला, नाहीतर नवा पाईपही वर्षभरात तसाच होईल.

क्लिपभोवती पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खपली धरली असेल तर तिथून कूलंट झिरपून वाळतंय. आणि पाईप कुठे फॅनच्या कव्हरला, ब्रॅकेटला किंवा पट्ट्याला घासतोय का ते टॉर्चने पाहा. ओम्नीसारख्या गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे पाईप नजरेआड राहतात. सीट उचला, पण गाडी वर घेऊन खालूनही बघायला लावा.

खानदेशातच पाईप जास्त का फुटतात?

जास्त फुटतात असं मोजमाप कुणी केलेलं नाही, पण कारणं आहेत. पहिलं कारण म्हणजे आपला मे महिना. भुसावळ-जळगावला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटर उष्णता बाहेर टाकतो ती कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. कूलंट ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल तर फरक ७० अंशांचा. तीच हवा ४५ अंशांची झाली की फरक ५० वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता फेकायची ताकद साधारण तीस टक्क्यांनी घटली. त्यात एसी चालू असेल तर रेडिएटरवर येणारी हवा आधीच एसीच्या कंडेन्सरमधून तापून येते. इंजिन जास्त गरम, प्रेशर जास्त, आणि बॉनेटखालचं रबर दिवसभर भट्टीत.

दुसरं कारण आखाजी. अक्षय्य तृतीया नेमकी एप्रिल-मेमध्ये येते आणि तेव्हाच सगळ्या लेकीबाळींना आणायला, सोडायला जुनी गाडी निघते. पाच माणसांच्या गाडीत आठ माणसं, डिकीत सामान, एसी फुल्ल. लग्नसराईही त्याच दिवसांत. वर्षभर बाजारात फिरलेल्या गाडीला एकदम चाळीसगाववरून कन्नड घाट, नवापूरकडून कोंडाईबारी किंवा शिरपूरकडून बिजासन चढायला लावतात. पाईप जाणारच असेल तर तिथे जातो.

तिसरं, कापसाचा आणि धुरळ्याचा हंगाम. रेडिएटरच्या पात्यांमध्ये कचरा, किडे, कापसाचा भुगा बसतो. पावसाळ्यानंतर एकदा आतल्या, म्हणजे इंजिनाच्या बाजूने हलक्या पाण्याच्या धारेने रेडिएटर धुऊन घ्या. प्रेशर वॉशरची नोझल जवळ धरू नका, पाती वाकतात.

म्हणून पाईप बदलायचे तर फेब्रुवारीत बदला. तेव्हा मेकॅनिकला वेळ असतो, ओरिजिनल पाईप मागवायलाही वेळ मिळतो आणि आखाजीच्या आधी गाडी महिना-दोन महिने चालून क्लिप गळते का ते कळतं.

एकूण पाईप असतात तरी किती?

वरचा मोठा, खालचा मोठा, हीटरला जाणारा आणि येणारा, एखादा बायपासचा छोटा आणि रेडिएटरच्या झाकणापासून प्लास्टिकच्या बाटलीपर्यंत जाणारी बारीक नळी. काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीला गरम ठेवणारे बोटाएवढे दोन पाईपही असतात. बाजारात गेल्यावर "पाईपचा सेट द्या" म्हटलं की बहुतेक ठिकाणी फक्त वरचा आणि खालचा हातात ठेवतात. मोजून घ्या.

एलपीजी किंवा सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर आणखी दोन पाईप असतात, आणि हे नेहमी विसरले जातात. टाकीतून प्रेशरखाली आलेल्या गॅसचं प्रेशर रेड्यूसरमध्ये उतरवतात, तेव्हा तो थंड पडतो. रेड्यूसर गोठू नये म्हणून त्याला इंजिनाचं गरम कूलंट देतात. ते हीटरच्या पाईपला टी (तीन तोंडांचा जोड) मारून आणलेलं असतं. किट बसवणाऱ्याने त्या वेळी हाती लागलेला साधा पाईप आणि प्लास्टिकचा टी वापरलेला असतो. तो टी उष्णतेने ठिसूळ होतो आणि एक दिवस मोडतो. गॅसची गाडी असेल तर पहिलं बोट तिथे ठेवा. टी पितळेचा लावून घ्या.

आणि "आम्हाला खानदेशात हीटर लागतोच कशाला" म्हणून हीटरचे दोन पाईप जोडून लूप मारून घेणारे बरेच आहेत. त्या लूपचा पाईपही पाईपच असतो, फुटतो. शिवाय जानेवारीत पहाटे धुळ्यातून निघाल, पारा एक आकड्यात असेल आणि काचेवर वाफ धरेल, तेव्हा हीटर आठवेल.

"गाडी भलती तापस, भाऊ!" म्हणजे पाईपच गेला का?

तसं नाही. कूलंट कुठेही गळत नसेल तर आधी पंखा फिरतो का ते पाहा, मग रेडिएटरचं झाकण, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप आणि आतून-बाहेरून चोक झालेला रेडिएटर. पाईपमुळे गाडी तापते ती बहुधा कूलंट गेल्यावर. याला एक अपवाद आहे, तो पुढच्या प्रश्नात.

गाडी थंड झाली की पाईप आत ओढला जाऊन चपटा होतो. बदलू?

बदला, पण आधी झाकण बदला. रेडिएटरच्या झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. एक प्रेशर सोडतो, दुसरा थंड होताना बाटलीतून कूलंट परत आत घेतो. हा दुसरा व्हॉल्व्ह चिकटला किंवा बाटलीची नळी चोंदली तर आत पोकळी तयार होऊन पाईप चिंबतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, त्याच आकड्याचं नवं झाकण घ्या. "जास्त प्रेशरचं लावा, पाणी उकळणार नाही" असं सांगणारे भेटतात. जुन्या रेडिएटरला आणि जुन्या पाईपला तो जास्तीचा दाब नको असतो.

अपवाद आहे तो खालच्या पाईपचा. वॉटर पंप खालच्या पाईपमधून कूलंट ओढतो. तो मऊ पडला असेल तर हायवेला इंजिन रेस झाल्यावर चिंबतो, कूलंट कमी जातं आणि गाडी तापते. थांबून बॉनेट उघडेपर्यंत पाईप पुन्हा गोल. काही गाड्यांच्या खालच्या पाईपमध्ये यासाठी स्प्रिंग असते. जुन्या पाईपात स्प्रिंग असेल तर नव्यातही असायला हवी. मेकॅनिक जुना पाईप फेकण्याआधी त्यात डोकावून बघा.

एक फुटला, बाकीचे चांगले आहेत. एकच बदलला तर चालेल?

चालेल, पुढच्या महिन्यात दुसऱ्यासाठी परत यायची तयारी असेल तर. सगळे एकाच वयाचे, एकाच कूलंटमध्ये आणि एकाच उष्णतेत राहिलेले. नव्या पाईपने प्रेशर धरलं की पुढचा कमजोर कोण ते आपोआप कळतं. कूलंट एकदा काढलंच आहे, मजुरी एकदा द्यायचीच आहे, तर सगळे बदला. त्याच वेळी थर्मोस्टॅट आणि झाकणही.

क्लिप जुन्या चालतील का?

पेचकसने आवळायची पट्टीची क्लिप गंजली असेल, आटे गेले असतील तर नवी घ्या. ती पाईपच्या टोकापासून थोडं आत, रेडिएटरच्या तोंडाला जो उंचवटा असतो त्याच्या मागे बसायला हवी. उंचवट्यावर नाही. आणि अंगात ताकद आहे म्हणून आवळू नका. पट्टी रबरात रुतली की तिथूनच पाईप कापला जातो.

कंपनीने लावलेली, पक्कडीने दाबून काढायची स्प्रिंगची क्लिप मात्र फेकू नका. लोकांना ती स्वस्तातली वाटते. पण रबर गरम झालं की फुगतं, थंड झालं की आक्रसतं आणि स्प्रिंग क्लिप त्याच्याबरोबर ढिली-घट्ट होत राहते. पट्टीची क्लिप तसं करत नाही, म्हणून ती लावलेली गाडी थंडीच्या सकाळी दोन थेंब टाकते आणि दुपारी नाही.

ओरिजिनल घेऊ, लोकल घेऊ की सिलिकॉनचा?

ओरिजिनल किंवा त्या गाडीच्या कंपनीला पाईप पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा. आमच्या धंद्यात लोकल पाईपवर नफा जास्त असतो, तरी हे सांगतो. स्वस्त पाईपमध्ये जाळी विरळ असते किंवा नसतेच. कापलेल्या टोकाकडे बघा, रबराच्या दोन थरांमध्ये धागा दिसायला हवा. पाईपचा आकारही जुना पाईप शेजारी धरून जुळवा. वळण जबरदस्तीने बसवलेला पाईप पंख्याला घासतो किंवा वळणावर मोडतो. सरळ पाईप वाकवून लावणं हा कायमचा उपाय नाही.

जुन्या मॉडेलचा ओरिजिनल मिळत नाही ही खरी अडचण आहे. अशा वेळी दोन दिवस थांबून जळगाव, धुळे किंवा नाशिकहून मागवा. दुकानात वर्षानुवर्षं टांगून ठेवलेला पाईपही नवा नसतो. काही कंपन्या पाईपवर तारीख छापतात, असेल तर वाचा.

सिलिकॉनचा पाईप उष्णतेला फार चांगला, पण महाग. त्याला साधी खाचांची पट्टी क्लिप लावली तर मऊ सिलिकॉन खाचांतून कापलं जातं, आतून गुळगुळीत अस्तराची क्लिप लागते. ऑइल त्यालाही सोसत नाही. घरच्या वॅगनआरला निळे पाईप लावून काही साध्य होत नाही. वर्षभर घाटात चालणाऱ्या गाडीला हौसेने लावायचे असतील तर लावा.

कूलंट कशाला, बोअरचं पाणी का नको?

यावल, रावेर, चोपड्याकडे बोअरचं पाणी ज्या भांड्यात तापवता त्याचा तळ बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. शिवाय क्षारांमुळे पाणी वीज जास्त वाहून नेतं, आणि पाईप आतून चिरायला तीच वीज कारण आहे हे वर सांगितलंच. निव्वळ पाण्यात गंजरोधक काहीच नसतं, आणि त्याचा उत्कलनबिंदूही कूलंटपेक्षा कमी.

सोपा मार्ग म्हणजे तयार मिश्रण केलेलं कूलंट घेणं. घट्ट कूलंट घेतलं तर बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर मिसळा, साधारण निम्मं-निम्मं. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं म्हणजे अमुक आणि लाल म्हणजे तमुक असा सगळ्या कंपन्यांना लागू होणारा नियम नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंट एकत्र केली तर त्यांची रसायनं एकमेकांना मारक ठरू शकतात. डब्यावर गाडीच्या पुस्तकातलं वर्णन जुळतंय का ते पाहा. आत काय आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, आतून धुऊन नवं भरा.

वाटेत दुसरं काहीच नसेल तर बिसलरीची बाटली ओता, बोअरचंही ओता. गाडी वाचवणं आधी. घरी आल्यावर मात्र ते काढून टाका.

मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील.

काढू नका. बहुतेक गाड्यांत तो ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो, तोवर इंजिन लवकर तापावं हेच त्याचं काम. तो नसेल तर थंडीत इंजिन नीट तापत नाही, ॲव्हरेज घटतं, झीज वाढते. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की कूलंट रेडिएटर चुकवून फिरत राहतं आणि मेमध्ये गाडी उलट जास्त तापते. खराब असेल तर नवा बसवा.

घाटात पाईप फुटला. आता काय करू?

कूलंट प्रेशरखाली असतं तेव्हा शंभर अंशांच्या वरही उकळत नाही. पाईप फाटला की प्रेशर जातं आणि तेच कूलंट क्षणात वाफ होतं. बॉनेटमधून धूर निघतो तो बहुतेक वेळा हाच. घाबरू नका, पण चालवतही राहू नका. "वर हॉटेल आहे, तिथवर जाऊ" या दोन किलोमीटरमध्येच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकतं.

एसी बंद, गाडी कडेला, इंजिन बंद. कन्नड घाटासारख्या अरुंद ठिकाणी इंडिकेटर चालू करा, चाकामागे दगड लावा, माणसं गाडीच्या पुढे-मागे नको, कठड्याच्या बाजूला उभी करा. पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावायचा नाही आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही, लोखंडाला तडा जाऊ शकतो.

थंड झाल्यावर फाटलेली जागा बघा. क्लिपजवळच फाटला असेल, आणि बहुधा तिथेच फाटतो, तर नशीब चांगलं. क्लिप काढा, फाटलेला इंचभर भाग ब्लेडने सरळ कापा, उरलेला पाईप थोडा ओढून परत चढवा आणि क्लिप आवळा. मधे फाटला असेल तर पाईप कोरडा करून स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून गुंडाळा. ती नसेल तर सायकलच्या ट्यूबची लांब पट्टी ताणून गुंडाळा आणि वर बारीक तार किंवा दोन क्लिप. पंक्चरच्या दुकानात ट्यूब मिळते, आणि आपल्या रस्त्यांवर पंक्चरचं दुकान फार लांब नसतं.

पाणी हळूहळू भरा. झाकण पूर्ण आवळू नका, पहिल्या खाचेवर ठेवा, म्हणजे प्रेशर धरणार नाही आणि तुमची पट्टी टिकेल. प्रेशर नसल्यामुळे पाणी लवकर उकळेल, म्हणून हळू चालवा, हीटर फुल्ल गरम आणि पंखा फुल्लवर ठेवा. मे महिन्यात हे ऐकायला भयंकर वाटतं, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. काचा उघडा आणि सोसा. दर काही किलोमीटरला थांबून बघा. लग्नाला पोहोचायची घाई असेल तर बाकीच्यांना दुसऱ्या गाडीत बसवा.

काटा तर शेवटपर्यंत मध्यावरच होता, मग हेड कसं गेलं?

काट्याचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. सगळं कूलंट बाहेर गेलं की तो कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. लोकांना वाटतं गाडी थंड झाली. म्हणून वाफ, गोडसर वास, अचानक गार हवा फेकायला लागलेला हीटर किंवा गाडीखाली सांडलेलं पाणी यातलं काहीही जाणवलं तर काट्यावर विश्वास ठेवू नका.

स्वतः घरी बदलता येतो का?

मोठे दोन पाईप येतात. हीटरचे आणि बायपासचे पाईप अडचणीत असतात, ते मेकॅनिकलाच करू द्या.

थंड इंजिन, खाली घमेलं, कूलंट काढून घ्या. जुना पाईप सहज निघत नसेल तर पिळू नका. नव्या पिढीच्या रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असते आणि जुनं प्लास्टिक मोडतं. मग पाईपच्या ऐवजी रेडिएटरचा खर्च. धारदार ब्लेडने पाईप लांबीने चिरा आणि सोलून काढा, तो तसाही फेकायचा आहे. तोंडावरचा पांढरा थर आणि गंज बारीक पॉलिश पेपरने साफ करा. नवा पाईप चढत नसेल तर आत थोडं कूलंट लावा. ग्रीस किंवा ऑइल लावू नका.

भरताना हवा अडकते, हीच नवशिक्यांची खरी अडचण. गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटरचा नॉब गरमवर, झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा. इंजिन चालू करा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत आणि पंखा एक-दोनदा लागेपर्यंत वर भरत राहा. काही इंजिनांना हवा काढायचा स्क्रू असतो, तो विसरू नका. दुसऱ्या दिवशी थंड असताना लेव्हल बघा, ती उतरलेली असतेच. परत भरा आणि क्लिपला हात लावून ओलं नाही ना ते बघा.

खर्च किती?

छोट्या पेट्रोल गाडीचे दोन मोठे पाईप सहसा काही शे रुपयांत येतात. सगळे पाईप, क्लिप, झाकण, थर्मोस्टॅट, कूलंट आणि मजुरी धरली तर काही हजार. हेड उतरवून लेथवर फेस मारून (सपाट करून) गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, टाकायचं काम मोठ्या गाडीत सहज पाच आकड्यांत जातं, आणि त्याच्या वर टोचन व्हॅनचं भाडं.

रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते म्हणतात.

रेडिएटरच्या सुईएवढ्या छिद्राला कधी कधी थांबते. फाटलेल्या पाईपला नाही. आणि ती हळद हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. गळती बंद करणाऱ्या तयार पावडरींचंही तेच. भाजीत टाका.

जुनी गाडी विकत घेतोय. पाईप बघून काही कळतं का?

खूप कळतं. चार पाईप चार कंपन्यांचे आणि वेगवेगळ्या क्लिपचे असतील तर गाडी रस्त्यात बंद पडत, जशी फुटेल तशी जोडत चालवलेली आहे. बाटलीत गढूळ तांबडं पाणी असेल तर आधीच्या मालकाने कूलंट कधी टाकलंच नाही. बाटलीत तेलकट, कॉफीच्या रंगाचा साय असेल तर ऑइल आणि पाणी एकत्र झालंय, गॅस्केट किंवा ऑइल कूलर तपासून घेतल्याशिवाय पुढे बोलू नका. सगळे पाईप एकाच वेळी बदलल्याचं बिल मालकाने दाखवलं तर भाव जरा वर गेला तरी हरकत नाही.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकू?

अंगणात, गोठ्याजवळ किंवा नालीत नाही. बहुतेक कूलंट इथिलिन ग्लायकॉलचं असतं. त्याला गोडसर चव असते, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची किडनी निकामी होऊन मरतात. गुरांनाही ते विषारीच, लहान मुलांनाही. घमेल्यात काढलेलं कूलंट लगेच झाकणाच्या कॅनमध्ये भरा, त्यावर ठळक लिहा आणि पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. कॅन गॅरेजवाल्याकडे द्या, जिथे जळकं ऑइल गोळा करतात तिथे विचारा. जमिनीवर सांडलेल्यावर माती टाकून ती माती उचला आणि जागा धुवा, तोवर कुत्र्याला बांधून ठेवा.